आतले म्हणाले, हो

११ जानेवारी १९९९, सोमवार. सकाळी ६.४०

काल शिबिर संपलं. आजपासून नवीन आयुष्य. त्यासाठी डायरीही नवीन काढली. सिमेंटवाल्यांनी फुकट दिलेली आहे, प्रत्येक पानावर खाली पोत्याचं चित्र. असू दे.

तीन दिवस कोथरूडच्या मंगल कार्यालयात सतरंजीवर मांडी घालून एकच गोष्ट कळली, की देव आपल्या आत आहे. एक्कावन्न वर्षं मी त्याला बाहेर, रांगेत उभा राहून शोधत होतो. त्यात चपलांचे तीन जोड गेले. हे आधी कोणी सांगितलं असतं तर?

आनंदीताईंची पद्धत अगदी सुटसुटीत आहे. उजवा हात छातीवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आत विचारायचं. ऊब वाटली की हो. ओझं वाटलं की नाही. मला काल लगेच ऊब वाटली. माझ्या शेजारच्या रिटायर्ड कर्नलना तीन दिवसांत काहीच वाटलं नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आतल्या देवाला जवळचं नाव द्या, असं ताई म्हणाल्या. मी ‘आतले’ ठेवलं. आदरार्थी. देव झाला म्हणून अरे-तुरे कशाला?

संकल्प. एक, रोज पाचला उठणे. (आज ६.२५. शिबिराचा शीण. उद्यापासून.) दोन, आतल्यांना विचारल्याशिवाय काहीही न करणे. तीन, राग सोडणे. चार, हे कोणालाही न सांगणे, विशेषतः उल्काला.

७.१०

उल्काला सांगितलं. बायकोपासून काय लपवायचं? ती म्हणाली, तीन दिवस तिथला शिरा खाऊन आत जागा उरली होती का? मास्तरणीची जात. म्युनिसिपल शाळेत पोरांना बोलते तसं मला बोलते. मला राग आला नाही. फक्त चहा अर्धा टाकून उठलो आणि निघेपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

स्टॉपवर उभा राहून आतल्यांना विचारलं, आज दिवस कसा जाईल? डोळे उघडले तर कंपनीची बस पार पुढच्या सिग्नलला. ड्रायव्हर भैरूला नंतर जाब विचारला. म्हणाला, साहेब, तुमी हात जोडून उभे, म्हटलं कुनीतरी गेलं आसंल, कशाला हटकायचं? हात जोडलेले नव्हते. छातीवर होते. लोकांचं निरीक्षण कच्चं.

पीएमटीने हडपसरला पोचलो. वाटेत स्वारगेटला खिडकीची जागा मिळाली. आतल्यांची योजना किती लांबची असते बघा.

लेट मार्क पडला.

१४ जानेवारी, गुरुवार. लंच टाइम

ऑफिसात तिळगूळ वाटला. सीतारामला आतल्यांबद्दल सांगितलं. सीताराम रणपिसे म्हणजे सव्वीस वर्षं माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर उभा असलेला माणूस. आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो, एकाच ट्यूबलाइटखाली डोळे घालवले. आता त्याचा चष्मा माझ्यापेक्षा जाड आहे. मी जातपात मानत नाही, त्याच्या घरी दोनदा चहा घेतलाय. तिसऱ्यांदा गेलो नाही ते निव्वळ अंतरामुळे. तो मांजरीला राहतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझं बरं आहे माधव. आमच्यात देव नाही, त्यामुळे मला सर्क्युलर वाचावं लागतं.

कुठलं सर्क्युलर, विचारलं. म्हणाला, सोमवारपासून नोटीस बोर्डावर लावलंय. एप्रिलपासून पंपाची सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर. बोर्ड भंगारात.

वाचायला जावं का, आतल्यांना विचारलं. ऊब नाही. गेलो नाही.

सीताराम आणखीही काही सांगत होता. गेले सहा महिने दर रविवारी तो कॉम्प्युटर शिकतोय, मुलगी कुठेशी शिकवते, तूही चल. तोंडात लाडू होता, दात सांभाळत होतो, सगळं नीट ऐकू आलं नाही. छातीवर हात ठेवून बघितलं तर ओझं. म्हणजे नाही. लाडू पाकाचा होता, कडक, पण तरी.

१ फेब्रुवारी, सोमवार

जानेवारीचा हिशेब. पाचला उठणे: एकदा. (पाणी आलं की नाही बघायला.) राग सोडणे: चालू आहे. आतल्यांना विचारणे: शंभर टक्के. कोबी की फ्लॉवर, स्कूटर की बस, सोसायटीच्या मीटिंगला जावं की ताप आलाय म्हणून सांगावं, सगळं. एकदाही आमचं वाजलं नाही. मी जे मनात आणतो तेच त्यांच्याही मनात असतं. इतकं कोणाशी माझं जुळलेलं नाही. उल्काशी तर नाहीच.

आज नवे मॅनेजर आले. इंद्रजीत. वय एकतीस, गळ्यात टाय, मला माधव म्हणाले. मी ड्रॉइंग ऑफिसात लागलो तेव्हा हे बालवाडीत असतील. शांतपणे हसलो. नंतर जिन्यात दोन मिनिटं छातीवर हात ठेवून उभा राहिलो. शिपाई पाणी घेऊन आला.

८ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी

इंद्रजीतने केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंग ऑफिसातल्या चौघांपैकी एकच राहणार. बाकीच्यांना व्हीआरएस. चौघांतल्या दोघांनी आधीच फॉर्म भरलेत. एकाला मसाल्याचा कारखाना काढायचाय, दुसऱ्याला मुलाकडे नाशिकला जायचंय. उरलो मी आणि सीताराम.

पुढं इंद्रजीत म्हणाला, तुम्ही सेक्शन हेड, तुम्हीच एक नाव लिहून द्या. सोमवारी पंधरा तारखेला. त्या माणसाला तीन आठवड्यांचं ऑटोकॅडचं ट्रेनिंग, शेवटी टेस्ट. पास झाला की राहिला.

मी विचारलं, स्वतःचं नाव चालतं का? तो म्हणाला, नियमात बसतं, पण काम कोणाला येतं ते बघा.

काम कोणाला येतं! सव्वीस वर्षं मी हेड आहे. म्हणजे हेड अकरा वर्षं. पण होणार होतो.

आतल्यांवर सोपवलं. आता मला काळजी नाही. जेवण गेलं नाही, ते वांग्यामुळे.

१४ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र. दुपारी ३

पत्र लिहायला बसलो. उल्काने विचारलं, कोणाचं नाव देताय? मी म्हटलं, माझ्या हातात नाही, आतले ठरवतील. ती म्हणाली, त्यात ठरवायचं काय, सीतारामभाऊंना येतं, तुम्हाला येत नाही. तुम्हाला अजून व्हीसीआरचं घड्याळ लावता येत नाही, चार वर्षं बारा वाजलेत त्यात. मग म्हणाली, तुमची व्हीआरएस झाली तरी माझा पगार आहे. त्यांच्याकडे हिरावहिनी घरी असतात.

मी म्हटलं, देवाच्या कामात शाळा आणू नकोस.

पहिल्या कागदावर ‘श्री. सीताराम रणपिसे’ लिहिलं, छातीवर हात ठेवला. ऊब आली. चांगली, स्पष्ट. मग लक्षात आलं, आत्ताच गरम रताळं खाल्लंय. रद्द.

दुसऱ्या कागदावर ‘श्री. माधव पोंक्षे’ लिहिलं. ओझं. असं ओझं की श्वास अडला. पाटा ठेवल्यासारखं. दोनदा, तीनदा विचारलं. पाटा हलेना.

साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी. एवढं पोटात असताना आतल्यांना तरी हलायला जागा कुठं? उपवासाच्या दिवशीची उत्तरं धरायची नाहीत, असा नियम आजपासून करत आहे. उद्या ऑफिसात विचारू.

१५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.१५

दोन कप कडक चहा घेतला. लगेच विचारलं. ऊब! अगदी आतून, पार घशापर्यंत. आतले म्हणाले, हो.

माझं नाव दिलं. इंद्रजीतने पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. दोनच ओळी होत्या.

१२.४५

सीतारामने विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, वरून निर्णय आलाय. यात खोटं काही नाही. तसा तो आतून आला होता, पण देवाच्या बाबतीत वर आणि आत असा फरक करणं म्हणजे कोतेपणा.

सीताराम थोडा वेळ त्याच्या बोर्डावरची क्लिप उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, चांगलं झालं. आणि डबा उघडला. त्याने मला रोजच्यासारखी भाकरी दिली. मी म्हटलं, भूक नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

सीतारामने स्वतःची वही आणून दिली. सहा महिन्यांच्या कॉम्प्युटरच्या नोट्स, सगळ्या कमांड मराठीत, आपल्या ड्रॉइंगच्या अक्षरात, आकृत्यांसकट. म्हणाला, तुला उपयोगी पडेल, मला आता काय करायचीय. नंतर खिडकीशी जाऊन व्हीआरएसचा फॉर्म वाचत बसला. सगळा वाचला. मागची बाजूसुद्धा.

छातीवर पुन्हा तो पाटा. मी काही विचारलंही नव्हतं. न विचारता उत्तर द्यायची आतल्यांची ही पद्धत बरी नाही. अॅसिडिटीचं पांढरं औषध दोन चमचे घेतलं. फरक नाही. तिसरा चमचा घेतला.

१ मार्च, सोमवार. संध्याकाळी

ट्रेनिंग सुरू. कर्वे रोडवर, चपलांच्या दुकानाच्या वर. एसी आहे. बाकी सगळी विशीतली पोरं. एकाने मला ‘अंकल, तुम्ही फी भरायला आलात का’ असं विचारलं.

शिकवायला आली आम्रपाली. सीतारामची मुलगी! ही आठ वर्षांची असताना आमच्या ऑफिसच्या पूजेला आली होती आणि पेन्सिल मागत होती. ती इथेच शिकवते, हे म्हणे सीताराम मला सहा महिने सांगतोय. कोणी काही नीट सांगतच नाही.

मला बघून थांबली. मग म्हणाली, या काका, पुढं बसा, तुम्हाला दिसेल. बाबा म्हणाले होते वरून तुमचं नाव आलंय. मी ‘हो, वरून’ म्हटलं. सबंध दोन तास माझ्या खुर्चीमागे उभी राहून शिकवलं. एकदाही आवाज चढवला नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

प्रत्येक क्लिकआधी आतल्यांना विचारत होतो. उजवा हात छातीवर गेला की माऊस सुटतो, माऊस धरला की आतल्यांशी संपर्क सुटतो. या यंत्राची रचनाच नास्तिक आहे. आम्रपाली म्हणाली, काका, छातीत दुखतंय का, डॉक्टरांना बोलवू?

९ मार्च, मंगळवार

आज अडीच तास खपून पंपाचा फ्लँज काढला. मग काहीतरी दाबलं गेलं आणि सगळं गायब. काळा पडदा. मी ओरडलो. आम्रपाली म्हणाली, काका, ड्रॉइंग आतच आहे, फक्त तुम्हाला दिसत नाहीये. तुम्ही फार लांब गेलात त्याच्यापासून. मग तिने दोन अक्षरं टाइप केली आणि फ्लँज हजर.

हे अगदी शिबिरात ऐकल्यासारखं वाटलं. ती दोन अक्षरं कुठली ते लिहून घ्यायला विसरलो.

सीतारामच्या वहीत असतील. पण ती वही मी कपाटात वर ठेवली आहे. उघडवत नाही. अक्षर फार ओळखीचं आहे.

१८ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

परवा टेस्ट. अभ्यास करणार होतो. आतल्यांना विचारलं, पास होणार ना? श्रीखंड खाल्लेलं असूनही ऊब. थंड पदार्थावर आलेली ऊब म्हणजे खात्रीच. मग अभ्यास कशाला? तो अविश्वास झाला असता.

उल्का म्हणाली, बारीक वाचायला माझा चष्मा देऊ का? मी दुपारी झोपलो.

२० मार्च, शनिवार. दुपारी २

चाळीस प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय. आतल्यांना हो-नाहीची सवय, त्यामुळे एका प्रश्नाला चार वेळा विचारावं लागत होतं. अठराव्या प्रश्नाला वेळ संपली. त्यातले बरोबर सात.

यात आतल्यांची चूक नाही, प्रश्नपत्रिकेची आहे.

आम्रपाली म्हणाली, काका, मी सरांना सांगून शुक्रवारची एक संधी मिळवते, रोज एक तास लवकर या, मी करून घेते. तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी तिच्या बाबांच्या व्हीआरएसच्या फॉर्मची झेरॉक्स दिसली. मी म्हटलं, नको बेटा, कंपनीला मी माहीत आहे. जिना उतरून रस्त्यावर आलो आणि उसाचा रस प्यायलो. अर्धाच गेला.

२३ मार्च, मंगळवार

आनंदीताईंकडे गेलो. तक्रार म्हणून नाही, विचारपूस म्हणून. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तुम्हाला ते नाही म्हणतात तेव्हा तुम्ही काय करता?

मी अभिमानाने म्हटलं, ताई, ते मला नाही म्हणतच नाहीत. म्हणालेच तर ते पोटामुळे असतं.

 ताई म्हणाल्या, काका, पुढच्यांना येऊ द्या. मागे कर्नल उभे होते. कर्नल अजून काही वाटत नाही म्हणत होते आणि त्यांना ताईंनी तब्बल वीस मिनिटं दिली!

३१ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.३०

व्हीआरएसच्या फॉर्मवर सही केली. इंद्रजीतने उभं राहून हात मिळवला आणि पहिल्यांदा पोंक्षे साहेब म्हणाला. सव्वीस वर्षांचं ड्रॉइंग ऑफिस. बोर्ड बाहेर व्हरांड्यात काढून भिंतीला टेकवलेत. माझ्या बोर्डावर खाली मुलाच्या बारशाची तारीख पेन्सिलने लिहिली होती. मुलगा पाचव्याच दिवशी गेला, बारसं झालंच नाही. तारीख मात्र कोणी खोडली नाही, मी पण नाही.

कंपनीची ड्रॉइंग आता बाहेर करून घेणार. कोणाकडून, विचारलं. इंद्रजीतने कार्ड पुढं केलं. रणपिसे ड्राफ्टिंग सर्व्हिसेस, मांजरी बुद्रुक.

कार्ड उलटून बघितलं, मागे कोरं.

म्हणजे मी त्याचं नाव लिहिलं नाही, तर हा गप्प घरी बसेल ना? नाही. स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, मुलीला बरोबर घेतलं आणि दीड महिन्यात धंदा उभा केला. माझ्या पाठीमागे. मला एका शब्दाने न विचारता.

७.००

घरी आलो तर उल्काला सगळं माहीत! पंधरा दिवसांपासून! आम्रपाली म्हणे तिला भाजीबाजारात भेटली होती. मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही मला कधी विचारता का? छातीला विचारता.

दगाबाजांची नावं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं विसरायला नको. इंद्रजीत. कॉम्प्युटर. आनंदीताई. सीताराम. उल्का. आणि सगळ्यांत मोठे, ज्यांच्यावर जीव टाकला, ते आतले. हो म्हणाले होते. स्वच्छ हो म्हणाले होते.

७ एप्रिल, बुधवार. सकाळी ११

घरात या वेळी इतकं ऊन येतं हे माहीत नव्हतं. उल्का शाळेत. शेजारच्यांचा कुकर मोजला, पाच शिट्ट्या. पेपर दोनदा वाचला. आतल्यांशी अबोला धरलाय. बघू कोण आधी बोलतं.

८ एप्रिल, गुरुवार

कोणी बोललं नाही.

११ एप्रिल, रविवार

सीतारामचा फोन. मी नाही म्हणून सांगायला लावलं. उल्का रिसीव्हरवर हात न ठेवता मोठ्याने म्हणाली, ते नाही म्हणून सांग म्हणतायत, भाऊ.

हा तिसरा फोन. त्याचं म्हणणं असं, की जुन्या पंपांची चौऱ्याहत्तर सालची, ट्रेसिंग कागदावरची ड्रॉइंग आहेत, त्यावरचं हाताने लिहिलेलं पुसट झालंय. ते वाचता येणारी माणसं दोनच, तो आणि मी, आणि त्याचे डोळे आता चालत नाहीत. मी रोज येऊन तपासून द्यावं.

मी उल्काला म्हटलं, ज्याने माझ्या पाठीत सुरा खुपसला त्याच्याकडे मी नोकरी करू? उल्काने चाळणी खाली ठेवली. म्हणाली, त्या पत्राची ऑफिस कॉपी पंधरा फेब्रुवारीला संध्याकाळीच डिस्पॅचला जाताना सीतारामभाऊंच्या टेबलावरून गेली. त्यांनी वाचली. तुमचं पत्र, तुमची सही, तुमचंच नाव. त्यांना तेव्हापासून माहीत आहे. हिरावहिनींनी मला सांगितलं. भाऊ स्वतः कोणाला बोलले नाहीत.

पंधरा तारखेला.

म्हणजे वही दिली त्याच्या आदल्या संध्याकाळी.

जेवलो नाही. आज उपवास नव्हता.

१८ एप्रिल, रविवार

उद्या मांजरीला जातो. नोकरीसाठी नाही. गैरसमज दूर करायला. भाषण तयार केलंय. सुरुवात अशी: सीताराम, माणसाच्या हातात काही नसतं, जे घडतं ते आतल्यांच्या इच्छेने घडतं, तू देव मानत नाहीस तरी ऐक. मग शिबिर, मग पद्धत, मग ऊब. साडेसात मिनिटं होतात. आरशासमोर दोनदा म्हटलं. उल्का दारातून ऐकत होती. हसली नाही. बाहेरूनच म्हणाली, शर्ट इस्त्रीचा घाला.

आतल्यांशी आज आपणहून बोललो. झालं गेलं विसरू, उद्या फक्त माझ्या बाजूने उभे राहा, एवढंच म्हटलं.

१९ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६

गेलो. दोन बस बदलून. मांजरीत उसाच्या शेताला चिकटून नवीन बिल्डिंग, प्लास्टर अजून ओलं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर. आम्रपाली होती, ‘या काका’ म्हणाली आणि चहा सांगते म्हणून आत निघून गेली. शहाणी मुलगी. तिने दार ओढून घेतलं.

सीताराम उठला नाही. त्याने खुर्ची दाखवली. माझं भाषण मी सुरू करणार, तेवढ्यात त्यानेच विचारलं. शांतपणे, चष्मा काढून. माधव, तू माझं नाव का नाही लिहिलंस?

भाषणात हा प्रश्न नव्हता. भाषणात तो काही बोलतच नव्हता.

मी म्हणणार होतो, आतल्यांनी सांगितलं. तोंडही उघडलं. छातीवर हात गेला. तो माझ्या हाताकडे बघत होता. सव्वीस वर्षं त्याने तो हात बघितलाय, त्या हातात पेन्सिल दिलीय. आत विचारलं, काय सांगू? ऊब नाही. ओझंही नाही. काही म्हणजे काहीच नाही. रिकाम्या गोडाऊनमध्ये हाक मारावी तसं. आत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी म्हटलं, मला भीती वाटली.

मग पुढचंही बाहेर पडलं. थांबवता येईना. म्हटलं, तुला येत होतं आणि मला येत नव्हतं. मला ते माहीत होतं. सगळ्यांना दिसलं असतं. घरी बसायची भीती वाटली, सीताराम. म्हणून मी माझं नाव लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

 बाहेर पाण्याचा पंप चालू होता, आपल्याच कंपनीचा असावा, बेअरिंग वाजत होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. नवीन प्लास्टरचा वास फार उग्र असतो.

सीताराम म्हणाला, भीती मलाही वाटली होती. तुझं पत्र वाचलं तेव्हा. मी तुझ्याकडे येणार होतो त्या दिवशी. मग म्हटलं, तो सांगेल. वाट बघितली.

चांगलं नाही केलंस तू, म्हणाला.

मी म्हटलं, नाही केलं.

बस. मग त्याने चष्मा घातला, एक पिवळं पडलेलं ट्रेसिंग माझ्यापुढं पसरलं आणि एका पुसट आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे तीन की आठ? मी म्हटलं, आठ. तो म्हणाला, उद्या साडेनऊला ये. चहा आला, तो प्यायलो. दोन कप.

येताना बसमध्ये झोप लागली. कित्येक दिवसांनी. छाती हलकी होती, औषधाविना. ते जाऊ दे.

निषेध मात्र नोंदवून ठेवतो. तीन महिने मी आतल्यांचं सगळं ऐकलं. एकही काम त्यांना विचारल्याशिवाय केलं नाही. आणि आयुष्यात एकदा, एकदाच, खरी गरज पडली, तर ऐन वेळी गायब. एक शब्द सुचवला नाही. खरं काय ते शेवटी माझं मलाच बोलावं लागलं.